आधी जननदर बघ

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

एआय नोकऱ्या खाईल का, डॉलर टिकेल का आणि या धबडग्यात अर्थशास्त्र शिकून काय मिळेल, असं तू विचारलंस. पहिल्या दोन प्रश्नांवर पैजा लावणारे भरपूर आहेत. मी त्या भानगडीत पडत नाही. तू आधी जननदर बघ, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतात तो आकडा.

लोकसंख्या आहे तेवढी राहायला तो साधारण २.१ लागतो. दक्षिण कोरियात २०२३ साली तो ०.७२ होता. चीनची लोकसंख्या २०२२ पासून घटू लागली. जपानमध्ये दहांतली जवळपास तीन माणसं पासष्टीच्या पुढची आहेत. शाळेत ‘लोकसंख्येचा विस्फोट’ यावर निबंध लिहिलेल्या माझ्या पिढीला पटत नाही, पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारत २.० वर आणि महाराष्ट्र १.७ वर होता! बिहार मात्र तेव्हा ३ वर. पुढे आपल्याकडच्या साइटवर आणि कारखान्यात हात कुठून येणार, ते यातच आलं.

इथे ज्योतिषी लागत नाही. २०४५ साली विशीत असणारी बरीचशी मुलं आधीच जन्मलेली आहेत, मोजून घे. आजच्या तरुणांची संख्याच मोठी असल्यामुळे भारताच्या लोकसंख्येचा एकूण आकडा अजून काही दशकं वाढेल, पण वाढ वरच्या वयात होईल.

जपान आधी श्रीमंत झाला, मग म्हातारा. आपला क्रम उलटा होईल की काय, ही माझी खरी धास्ती. तरुण पुष्कळ आहेत म्हणून आपोआप भरभराट होत नाही. त्यांना, त्यातही मुलींना, पगारी काम मिळावं लागतं. बहुतेकांना पेन्शन नाही, आणि आजारी आईजवळ ठेवायला ब्यूरोची मावशी आताच परवडत नाही.

महाराष्ट्राने २०२४मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यामागेही हेच गणित आहे. तिथले लोक निवृत्त होताहेत. जर्मन शिकायचं तर शीक, पण नर्सिंग किंवा इलेक्ट्रिशियनचं काम हातात असू दे. नुसत्या भाषेला तिथे कोण विचारतो?

अर्थशास्त्र जरूर घे. त्याआधी या सुट्टीत तुझ्या जिल्ह्याचे सर्वेक्षणाचे मागचे दोन अहवाल काढ, गावातल्या जिल्हा परिषद शाळेचा दहा वर्षांचा पट मिळव, आणि काय दिसलं ते दोन पानांत लिहून पाठव. आलेख नकोत, वाक्यं हवीत.