एजंटाने सुचवलेल्या सॉलिसिटरकडे घराचे काम द्यावे का?

पुण्याहून इंग्लंडमधल्या रेडिंगला येऊन वर्षभरात घर घेण्याचा तुमचा विचार आहे, आणि 'आमच्या सॉलिसिटरकडे, म्हणजे घरखरेदीचे कायदेशीर काम पाहणाऱ्या वकिलाकडे, काम दिलेत तर व्यवहार लवकर उरकेल' असे तिथल्या एस्टेट एजंटाने तुम्हाला सांगितले आहे. काम द्यायला हरकत नाही. मात्र त्याआधी एजंटाला एक प्रश्न लेखी विचारा: या शिफारशीचे तुम्हाला किती पैसे मिळतात?

आपल्याकडचा दलाल बहुधा दोन्ही बाजूंकडून उघडपणे दलाली घेतो. इथला एजंट विकणाऱ्याचा माणूस असतो आणि त्याची फीही विकणाराच देतो, त्यामुळे खरेदीदाराला तो फुकटचा हितचिंतक वाटू लागतो. सॉलिसिटरांनी अशा शिफारशीसाठी पैसे मोजण्यावरची बंदी इंग्लंड आणि वेल्समध्ये 2004 साली उठली. अपघातातील इजेच्या दाव्यांत 2013 पासून ती पुन्हा लागू झाली, पण घरांच्या व्यवहारात ही रेफरल फी आजही कायदेशीर आहे. अट एवढीच, की सॉलिसिटरने ती तुम्हाला स्पष्टपणे कळवली पाहिजे. एजंटालाही ग्राहक कायद्यानुसार ती दडवता येत नाही.

माझ्या खरेदीच्या वेळी ती कळवली गेली होती, पण अकरा पानी पत्राच्या नवव्या पानावर, आणि ते पान मी सही केल्यानंतर वाचले. रक्कम दोनशे चाळीस पौंड अधिक व्हॅट. बिलात ती वेगळी दिसत नव्हती, तरी गावातल्या एका सॉलिसिटरचा दर नंतर पाहिला तेव्हा ती कोणाच्या खिशातून गेली हे समजले. पैशांपेक्षा जास्त खटकले ते हे, की फोन केला की दर वेळी नवाच माणूस बोले आणि माझी फाइल त्याने पाहिलेली नसे.

सॉलिसिटर नियमाने तुमच्याच हिताला बांधलेला असतो आणि बहुतेक जण ते पाळतात, हे मान्यच आहे. तरीही ज्या एजंटाकडून महिन्याला वीस कामे येतात त्याचा सौदा लांबवून, 'या फ्लॅटच्या लीजमधले (दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यातले) ग्राउंड रेंटचे, म्हणजे जमीनमालकाला द्यायच्या भाड्याचे, कलम बदलून घेतल्याशिवाय सही करू नका' असे ठामपणे सांगणे त्याला जड जाऊ शकते. सौदा उरकण्याची घाई एजंटाला असते, कारण सह्या केलेल्या कॉन्ट्रॅक्टची अदलाबदल होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात.

त्यांचा सॉलिसिटर नाकारल्यास तुमची ऑफर मागे पडेल, असे कोणी सुचवले तर घाबरू नका. एजंटाच्या सेवा न घेणाऱ्या खरेदीदाराशी दुजाभाव करण्यास एस्टेट एजंटांसाठीच्या 1991 च्या सरकारी आदेशानेच मनाई आहे.

घरखरेदीच्या कामाचे दर सॉलिसिटर फर्मनी संकेतस्थळावर देणे डिसेंबर 2018 पासून बंधनकारक आहे, म्हणून तीन ठिकाणांचे दर ताडून पाहा आणि निवडलेली फर्म तुमच्या कर्ज देणाऱ्या बँकेच्या पॅनेलवर (मान्यताप्राप्त फर्मच्या यादीत) आहे ना, हे विचारा. माझी स्वतःची कसोटी वेगळीच आहे: भारतात तुमच्या किंवा पत्नीच्या नावावर घर आहे का, हे सॉलिसिटर पहिल्याच बोलण्यात विचारतो का? पुण्यातला फ्लॅटही इथे मोजला जातो, आणि त्यापायी स्टॅम्प ड्यूटीवर 5 टक्के अधिभार बसू शकतो. मला हा प्रश्न एजंटाच्या सॉलिसिटरने शेवटच्या आठवड्यात विचारला.