शिकलेली ख्रिस्ती माणसं चमत्कारांवर विश्वास कशी ठेवतात? विज्ञानाने ते खोटे ठरवलेत ना?

मी सोलापूरचा, प्रोटेस्टंट ख्रिस्ती, आणि आयुष्य पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून गेलं. त्यामुळे हा प्रश्न मला घरबसल्या बऱ्याचदा ऐकावा लागलाय, तोही नाताळच्या जेवणाला.

'विज्ञानाने खोटे ठरवले' इथेच गडबड आहे. विज्ञान नैसर्गिक कारण शोधतं, आणि शोधायलाच पाहिजे. लॅबमधलं मशीन भलतेच आकडे दाखवायला लागलं तर मी प्रार्थना करत बसत नाही, रिएजंटची, म्हणजे तपासणीच्या रसायनाची, एक्स्पायरी बघतो. ती कामाची शिस्त झाली. 'निसर्गापलीकडे काही नाहीच' हे मात्र मत आहे. असेल कुणाचं. पण ते कुठल्या टेस्टमधून निघालं, हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

आता माझ्या मावशीचं सांगतो. तिच्या मानेला गाठ आली. बायोप्सी झाली आणि तुकडा आमच्याच लॅबला आला. फॉर्मॅलिनमधून काढून कॅसेटमध्ये, म्हणजे छोट्या प्लास्टिकच्या डबीत, घालणं, पॅराफिन मेणात बसवून त्याचा ब्लॉक करणं, मायक्रोटोम यंत्रावर पातळ काप घेणं, सगळं मी केलं. कॅसेटवर आणि काप ठेवायच्या काचेच्या, म्हणजे स्लाइडच्या, खरबरीत टोकावर नंबर शिसपेन्सिलने लिहायचा असतो. पेनाची शाई अल्कोहोल आणि झायलीनमध्ये धुऊन जाते. घरचंच माणूस म्हणून मी तो नंबर रजिस्टरशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिला होता. रिपोर्ट आला: फॉलिक्युलर लिम्फोमा, लो ग्रेड, म्हणजे लसिकाग्रंथींचा हळू वाढणारा कॅन्सर. सिद्धेश्वर एक्सप्रेसने ब्लॉक मुंबईला नेला, तिथल्या डॉक्टरांनी जास्तीच्या तपासण्या करून तेच निदान दिलं. त्रास नाही म्हणून लगेच औषध नको, नुसतं लक्ष ठेवू, असं ठरलं.

इकडे चर्चच्या मंडळीने उपास-प्रार्थना धरली. पाळकसाहेब आणि मंडळीतली वडीलधारी माणसं घरी आली, बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात सांगितलंय तसं तेल लावून प्रार्थना झाली. पुढच्या तपासण्यांमध्ये गाठ बारीक होत गेली आणि मग हाताला लागेनाशी झाली. औषधाची एक गोळी नाही. मावशीने उपासनेत उभं राहून साक्ष दिली.

आमचे दाजी विज्ञानाचे शिक्षक होते. जन्माने ख्रिस्ती, पण चर्चमध्ये फक्त लग्नाला. त्यांनी भाकरी मोडता मोडता निकाल देऊन टाकला: "स्लाइड बदलली असणार. तुमच्या लॅबमध्ये काय गोंधळ असतो ते माहितीये मला."

हे मला अजून पचलेलं नाही. माणसाने चमत्कार मानू नये, माझं काही म्हणणं नाही. पण स्वतःचं मत शाबूत राहावं म्हणून दुसऱ्याचं काम खोटं पाडायचं? स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1748 मध्ये मांडलेला युक्तिवाद हाच: निसर्गनियम मोडला यापेक्षा साक्षीदार चुकला किंवा खोटं बोलला, हेच केव्हाही जास्त संभवतं. कागदावर बिनतोड वाटतो. पण साक्षीदार तुम्ही स्वतः असलात, ब्लॉक कपाटात असला आणि मुंबईचा शिक्काही असला, तर समोरच्याने निदान ब्लॉक बघायला तरी मागावा. दाजींनी मागितला नाही.

गंमत म्हणजे दाजींकडे याहून बरं उत्तर होतं, पण त्यासाठी वाचावं लागलं असतं. हा विशिष्ट लिम्फोमा काही जणांत उपचाराविना ओसरतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 1984 मध्येच तसे रुग्ण नोंदवलेत. त्याआधी, 1891 च्या सुमारास, न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली यांनी त्वचेच्या जंतुसंसर्गानंतर गाठ विरघळल्याची केस पाहिली आणि रुग्णांना मुद्दाम जंतू टोचून पाहिले. आजच्या इम्युनोथेरपीची एक मुळी तिथे आहे. 'स्लाइड बदलली असणार' म्हणून कोली गप्प बसले असते तर?

मग मावशीचं काय, चमत्कार की ओसरलेला लिम्फोमा? मला विचाराल तर दोन्ही म्हणता येतं. तिच्या प्रतिकारशक्तीने पेशी मारल्या असतील. म्हणून देवाचा हात नव्हता हे सिद्ध होत नाही, आणि होता हेही नाही. ख्रिस्ती विश्वास असल्या केसवर उभाच नाही. तो येशूच्या रिकाम्या थडग्यावर उभा आहे, आणि प्रेषित पौलाने बायबलमध्ये स्वच्छ लिहिलंय की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास फुकट. बाकी चमत्कारांबाबत चर्चसुद्धा चिकट आहे. फ्रान्समधल्या लूर्द या कॅथलिक तीर्थक्षेत्री बरं झाल्याचे दावे सात हजारांवर नोंदले गेले, चर्चने चमत्कार म्हणून मानले जेमतेम सत्तरच्या आसपास.

काही वर्षांनी गाठ परत आली. मावशीने रीतसर औषधं घेतली. दाजींना आयतंच मिळालं, "गेला का तुमचा चमत्कार?" मावशी म्हणाली, "लाजर तरी काय कायमचा राहिला का? तोही पुढे मेलाच की." लाजर म्हणजे येशूने मेलेल्यातून उठवलेला माणूस.

हे वाचून कुणी गोळ्या बंद करू नका. मैदानात मांडव घालून, ठरलेल्या वेळेला चंगाई, म्हणजे प्रार्थनेने बरं करणं, वाटणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. 2006 मध्ये अमेरिकेत बायपासच्या 1802 रुग्णांवर प्रार्थनेचा मोठा प्रयोग झाला, फायदा दिसला नाही. उलट आपल्यासाठी नक्की प्रार्थना होणार हे ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच निघाली. मला त्याचं नवल वाटलं नाही, देव काय ग्लुकोमीटर आहे? आपल्याकडचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही मला हवाच आहे, चमत्काराचा देखावा करून लुटणारा पास्टर असला तरी त्यात अडकावा.

दाजी हल्ली मोबाइलवर असलंच वाचत बसलेले असतात, म्हणून त्यांच्यासाठी: मावशीच्या ब्लॉकवरचा नंबर अजून स्वच्छ वाचता येतो. रजिस्टरही आहे. या एकदा.