नवी प्रजाती की नवी जाती?

राजेंद्रनगरच्या एका काकूंनी विचारलंय. नातवाच्या शाळेसाठी त्यांनी मिलिपीड या पुष्कळ पायांच्या किड्यावरचा हिंदीतला मजकूर मराठीत उतरवला, 'मिलिपीडचा नवा वंश आणि त्यातली नवी प्रजाती'. पुण्याच्या भाचीने 'वंश' खोडून 'प्रजाती' केलं आणि 'प्रजाती' खोडून 'जाती'. बरोबर कोण?

भाची. पण काकूंची चूक आपल्या इंदुरात घरोघरी होते. हिंदी पाठ्यपुस्तकात सजीवांच्या वर्गीकरणाची पायरी 'वंश' आणि तिच्या खाली 'जाति' अशी आहे, नि हिंदी बातम्या त्या 'जाति'ला सर्रास 'प्रजाति' म्हणतात. मराठी विश्वकोशात मात्र 'प्रजाती' ही वरची पायरी, म्हणजे हिंदीचा 'वंश', आणि तिच्या पोटात 'जाती'. शब्द तोच, पायरी बदलली! मराठी वर्तमानपत्रंही हल्ली 'नवी प्रजाती सापडली' असं छापतात. 'जात' लिहायला पेन कचरतं, हे त्याचं खरं कारण असावं. सापाची जात, आंब्याची जात म्हणताना कुणी कचरत नाही, मग इथेच काय झालं?

मजकूर होता ऑस्ट्रेलियातल्या 'युमिलिपीस पर्सेफोनी'चा. २०२१ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. यातलं 'युमिलिपीस' हे प्रजातीचं नाव, अर्थ 'खरा हजार पायांचा'. 'पर्सेफोनी' हे जातीचं, ग्रीक पाताळाच्या राणीवरून, कारण हा प्राणी जमिनीखाली ६० मीटरवर, खनिजासाठी पाडलेल्या भोकात मिळाला. दोन्ही नावं नवी, म्हणून प्रजाती नवी आणि जातीही नवी. एका मादीचे पाय भरले १३०६. त्याआधी हजार पाय असलेला एकही मिलिपीड ठाऊक नव्हता. आपलं 'सहस्रपाद' तोवर नुसतं कौतुकाचं नाव होतं म्हणायचं.

नव्या प्राण्याचा 'शोध लावला' म्हणणंही मला खटकतं. प्राणी तिथे होताच. शास्त्रज्ञ नमुना जपून ठेवतात, कुणापेक्षा काय वेगळं ते लिहितात, मग नाव देतात. तेव्हा 'वर्णन केलं' हेच नेमकं.

राहता राहिला 'मिलिपीड'. पावसाळ्यात आपल्या ओटल्यावर येणारी, हिंदी बोलणारे शेजारी जिला गिजाई म्हणतात, ती याच गोतातली. मराठीत तो वाणी, किंवा पैसा किडा. काडीने स्पर्श केला की पैशासारखं वेटोळं घालतो म्हणून. गोम मात्र लिहू नका, काकू. गोमेला शरीराच्या एका खंडावर पायांची एकच जोडी असते, वाण्याला बहुतेक खंडांवर दोन. शिवाय गोम चावते.