'दॅट' लावायचा की नाही, हे आधीचा शब्द ठरवतो

तुम्ही कोपरखैरण्यातल्या तुमच्या सोसायटीच्या इतिवृत्तातली तीन वाक्ये दिली आहेत: 'द सेक्रेटरी इन्फॉर्म्ड दॅट द टँक वुड बी क्लीन्ड ऑन संडे', 'ही सजेस्टेड मी दॅट वी शुड चेंज द पंप' आणि 'द मेंबर्स वॉन्ट दॅट द वॉचमन शुड सिट ॲट द गेट'. तुमच्या ऐरोलीच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याने ही तिन्ही वाक्ये चुकीची ठरवली, परंतु कारण सांगितले नाही, आणि म्हणून 'दॅट' केव्हा लावायचा व केव्हा गाळायचा याचा नियम तुम्ही विचारला आहे. सहकाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे आणि तिन्ही चुकांचे मूळही एकच आहे. मराठीतला 'की' सांगणे, वाटणे, विचारणे, सुचवणे अशा जवळजवळ कोणत्याही क्रियापदानंतर बिनतक्रार येतो. इंग्रजीत मात्र 'दॅट' येऊ शकतो का आणि आला तर वाक्यात आणखी काय लागते, हे त्याच्या आधीचे क्रियापद किंवा विशेषण ठरवते. त्यामुळे 'दॅट'चा स्वतंत्र नियम शोधण्यापेक्षा प्रत्येक क्रियापद त्याच्या रचनेसह लक्षात ठेवणे उपयोगाचे आहे.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो ऐकणाऱ्याच्या उल्लेखाबाबत. मराठीत 'सेक्रेटरींनी सांगितले की' एवढे म्हटले, तरी वाक्य पूर्ण वाटते. कोणाला सांगितले ते संदर्भावरून कळते. इंग्रजीत टेल, इन्फॉर्म, रिमाइंड, अशुअर, कन्व्हिन्स, नोटिफाय या क्रियापदांना मात्र ऐकणारा लगेच पुढे लागतो आणि त्याच्यानंतरच 'दॅट' येतो: 'द सेक्रेटरी इन्फॉर्म्ड द मेंबर्स दॅट द टँक वुड बी क्लीन्ड'. आपल्याकडे सोसायटीच्या फलकावर 'मेंबर्स आर हिअरबाय इन्फॉर्म्ड दॅट' असे लिहिलेले असते. ते जरा ताठर इंग्रजी असले तरी व्याकरणाने शुद्ध आहे, कारण ज्यांना कळवायचे ते सभासद तिथे कर्त्याच्या जागी बसलेले आहेत. तेच वाक्य कर्तरी प्रयोगात आणताना सभासद गळून पडतात आणि 'इन्फॉर्म्ड दॅट' हे अर्धे वाक्य उरते. ठाणे आणि नवी मुंबईतल्या कार्यालयांची पत्रे मी अनेक वर्षे तपासत आलो आहे, आणि त्यांतली सर्वांत रुळलेली चूक माझ्या मते हीच आहे.

दुसरा गट याच्या नेमका उलट वागतो. से, एक्सप्लेन, सजेस्ट, मेन्शन, अनाउन्स, ॲडमिट, कम्प्लेन या क्रियापदांना ऐकणाऱ्याची गरज नसते, आणि त्याचा उल्लेख करायचाच असेल तर मध्ये 'टू' घालावा लागतो: 'शी एक्सप्लेन्ड टू अस दॅट द बिल वॉज राँग', 'दे कम्प्लेन्ड टू द कमिटी दॅट द लिफ्ट वॉज स्लो'. म्हणून 'सजेस्टेड मी दॅट' चालत नाही. 'सजेस्टेड टू मी दॅट' चालते, आणि इतिवृत्तात तर नुसते 'सजेस्टेड दॅट' पुरेसे आहे. प्रॉमिस, वॉर्न आणि शो ही क्रियापदे मात्र दोन्ही बाजूंनी समजूतदार आहेत: 'ही प्रॉमिस्ड दॅट' आणि 'ही प्रॉमिस्ड अस दॅट' ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत.

सजेस्ट, रेकमेंड, प्रपोज, डिमांड, इन्सिस्ट ही क्रियापदे 'दॅट'नंतरच्या क्रियापदाचे रूपही बदलायला लावतात. 'द आर्किटेक्ट सजेस्टेड दॅट द सोसायटी रिपेअर द टेरेस' यात 'रिपेअर'ला ना 'एस' लागतो ना भूतकाळाचा प्रत्यय. अमेरिकन इंग्रजीत हे मूळ रूप सर्रास वापरतात. ब्रिटिश इंग्रजीत त्याच जागी 'शुड रिपेअर' अधिक आढळते. आपल्या कानाला 'शुड' ओळखीचे असल्याने तेच वापरावे, फक्त एका कागदात एकच पद्धत ठेवावी. 'इन्सिस्ट'कडे मात्र विशेष लक्ष द्यावे. 'शी इन्सिस्ट्स दॅट ही पेज ऑन टाइम' याचा सरळ अर्थ तो वेळेवर पैसे भरतो असे ती ठासून सांगते, असा होतो. 'शी इन्सिस्ट्स दॅट ही पे ऑन टाइम' म्हटले तर त्याने वेळेवर भरावेत असा तिचा आग्रह आहे. थकबाकीच्या पत्रात हा फरक महागात पडू शकतो.

'वॉन्ट'चा प्रश्न लवकर मिटतो. आजच्या प्रचलित इंग्रजीत त्याच्यानंतर 'दॅट' घेत नाहीत, 'टू' घेतात: 'द मेंबर्स वॉन्ट द वॉचमन टू सिट ॲट द गेट'. 'होप'चे उलटे आहे. 'वी होप दॅट यू विल कम' बरोबर, तर 'वी होप यू टू कम' चूक.

विशेषणांमध्ये वाक्याचा कर्ता कोण आहे ते आधी पाहावे. ग्लॅड, सॉरी, अफ्रेड, अवेअर, कॉन्फिडंट ही माणसाच्या मनःस्थितीची विशेषणे आहेत, म्हणून कर्ता माणूस असतो: 'आय ॲम ग्लॅड दॅट यू केम'. ट्रू, पॉसिबल, ऑब्व्हियस ही घडामोडीबद्दलची विशेषणे असल्याने वाक्य 'इट'ने सुरू होते: 'इट इज पॉसिबल दॅट द मीटिंग विल बी पोस्टपोन्ड'. 'सर्टन' दोन्हीकडे चालते, पण 'शुअर'चे तसे नाही. 'आय ॲम शुअर दॅट' म्हणतात, 'इट इज शुअर दॅट' असे म्हणत नाहीत. 'लाइकली'बाबत 'इट इज लाइकली दॅट ही विल रिझाइन' किंवा 'ही इज लाइकली टू रिझाइन' म्हणावे. 'ही इज लाइकली दॅट' हे या दोहोंची सरमिसळ करून तयार होते. ईझी आणि डिफिकल्ट यांना मात्र 'टू'च हवा. शिवाय 'अवेअर ऑफ', 'शुअर ऑफ' यांतला 'ऑफ' 'दॅट'समोर गळतो. 'वी आर अवेअर ऑफ दॅट द पंप इज ओल्ड' लिहू नये, 'वी आर अवेअर दॅट' लिहावे. ऑफिसांतून लाडके झालेले 'अवेअर ऑफ द फॅक्ट दॅट' शुद्ध असले तरी बहुतेक वेळा नुसती भरताड असते.

तुम्ही विचारलेली नसली, तरी आणखी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. मराठीत 'की'नंतर बोलणाऱ्याचे मूळ शब्द जसेच्या तसे येऊ शकतात. 'राजू म्हणाला की मी उद्या येतो' यातला 'मी' राजू आहे, हे आपल्याला सहज कळते. 'राजू सेड दॅट आय वुड कम' असे लिहिले तर मात्र येणारे तुम्ही ठरता. म्हणून तिथे 'ही' हवा. काळही बहुधा मागे सरकतो: ठाणे स्टेशनवर वाशी लोकल उशिराने धावत असल्याची घोषणा झाली, तर नंतर सांगताना 'दे अनाउन्स्ड दॅट द वाशी लोकल वॉज रनिंग लेट' असे म्हणावे. प्रश्नाच्या बाबतीत तर 'दॅट' पूर्णपणे वगळायचा असतो. 'त्यांनी विचारले की तुम्ही कुठे राहता' याचे 'दे आस्क्ड दॅट व्हेअर डू यू लिव्ह' होत नाही. 'दे आस्क्ड व्हेअर आय लिव्ह्ड' होते, आणि त्यात प्रश्नाचा उलटा शब्दक्रमही सरळ होतो.

आता गाळण्याविषयी. थिंक, नो, से, होप, ग्लॅड, शुअर अशा रोजच्या शब्दांनंतर बोलताना 'दॅट' सहसा गाळतात. रिप्लाय, अनाउन्स, कम्प्लेन यांच्यानंतर तो ठेवावा. शंका असेल तेव्हा इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश पाहावा. क्रियापदानंतर कोणती रचना येते याच्या खुणा देण्याची पद्धत ए. एस. हॉर्नबी यांच्या १९४२ साली जपानमध्ये छापलेल्या कोशातही होती, आणि आजच्या ऑक्सफर्डच्या कोशात जिथे 'दॅट' कंसात दिसतो तिथे तो गाळता येतो.

तरीही इतिवृत्तासारख्या कागदात मी तो ठेवण्याच्या बाजूचा आहे. 'द चेअरमन सेड ऑन मंडे द वर्क वुड स्टार्ट' या वाक्यात अध्यक्ष सोमवारी बोलले की काम सोमवारी सुरू होणार, हे कळत नाही. 'ऑन मंडे'च्या आधी किंवा नंतर 'दॅट' घातला की अर्थ ठरतो. मराठीत 'की'च्या आधी स्वल्पविराम देण्याची अनेकांना सवय असते, ती मात्र इथे आणू नये. एकाच व्यक्तीची दोन विधाने 'अँड'ने जोडताना दुसरा 'दॅट' मुळीच गाळू नये: 'द ट्रेझरर सेड दॅट द पंप वॉज ओल्ड अँड दॅट इट हॅड बीन रिपेअर्ड ट्वाइस'. तो गाळला तर पंप दोनदा दुरुस्त झाल्याचे विधान खजिनदारांचे न राहता इतिवृत्त लिहिणाऱ्याचे, म्हणजे तुमचे, ठरू शकते.