टप्पे घोकण्याआधी बाळ बघ

विकासात्मक मानसशास्त्र, म्हणजे वयानुसार माणूस कसा घडतो याचा अभ्यास, शिकायला घेतोयस ना? मग सुरुवातीलाच मानसशास्त्रज्ञ पियाजेने मांडलेले मुलांच्या विचारांच्या वाढीचे चार टप्पे वयांसकट पाठ करत बसू नकोस. एकच प्रश्न घट्ट धर: झाकलेली वस्तू अजून तिथेच आहे, हे बाळाला कधी कळतं? खेळणं कापडाखाली लपवलं की सहा महिन्यांचं बाळ सहसा शोधत नाही, आठ-नऊ महिन्यांचं कापड ओढतं. यावरून पियाजेने ठरवलं की लहान बाळाला ते कळतच नाही. पण १९८५ मध्ये बायार्जों, स्पेल्की आणि वासरमन या संशोधकांनी हाताऐवजी नजर मोजली. अशक्य घटना दिसली, म्हणजे मागे लपलेल्या खोक्यातून पडदा जणू आरपार गेला, की पाच महिन्यांची बाळंही जास्त वेळ बघत राहिली. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि माझ्या मते विषयात शिरायला याहून चांगला दरवाजा नाही.

आई-बाळाच्या भावनिक नात्याचा अभ्यास करणारी मेरी एन्सवर्थ वाचताना, तिच्या प्रयोगात आई खोलीबाहेर गेल्यावरच्या रडण्यापेक्षा आई परतल्यावर बाळ काय करतं, तिकडे लक्ष दे. किशोरवयाचं सगळं खापर हार्मोन्सवर फोडू नकोस. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीतही घडत असतो.

आणि निरीक्षणाची वही आजच सुरू कर. ‘बाळ चिडलं’ असं नको, ‘खेळणं दोनदा फेकलं, मग मान वळवली’ असं लिही. अर्थ शेजारच्या रकान्यात, नंतर.