गाणं मधेच तुटतंय? आधी नेटवर्क बघ, डॅक नंतर

मित्रा, एनएएसवरची (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या हार्डडिस्कच्या डब्यावरची) गाणी वायफायवरून प्लेअरवर लावताना मधेच तुटतात म्हणतोस, पण त्यासाठी नवीन डॅक (डिजिटल फाइलचा आवाजाच्या सिग्नलमधे बदल करणारा डबा) घ्यायची घाई अजिबात करू नकोस. सीडी क्वालिटीच्या गाण्याला 1.4 एमबीपीएस लागतात, 24 बिट 192 किलोहर्ट्झची फाइल असली तरी साधारण 9, एवढं वायफायला सहज झेपतं, म्हणजे स्पीड कमी पडत नाहीये, बहुतेक पाकिटं (डेटाचे छोटे तुकडे) वेळेवर पोचत नाहीयेत आणि बफर, म्हणजे प्लेअरने पुढचं गाणं आधीच भरून ठेवलेला साठा, रिकामा होतोय.

पहिलं काम, प्लेअरला राउटरपासून थेट लॅन केबल लाव, तात्पुरती हॉलमधून आडवी टाकलीस तरी चालेल, आणि तीच फाइल लाव जी कायम अडकते. नीट वाजली तर दोष वायफायचा. तरीही अडकली तर एनएएसची हार्डडिस्क झोपेतून उठायला वेळ घेतेय का ते बघ, विशेषतः पहिलंच गाणं अडकत असेल तर.

वायफायच असेल तर लॅपटॉपवरून प्लेअरच्या आयपीला (नेटवर्कवरच्या पत्त्याला) पिंग लावून ठेव, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते सतत दिसेल, आणि गाणं चालू दे. एरवी 3-4 मिलिसेकंद दिसतात आणि मधेच 400 किंवा टाइम आउट आलं की त्याच क्षणी आवाज जातो का ते कान देऊन ऐक. बिल्डिंगमधे सगळ्यांचे राउटर 2.4 गिगाहर्ट्झवर भांडत असतात, त्यात मायक्रोवेव्ह पण तिथेच, म्हणून शक्य असेल तर 5 गिगाहर्ट्झवर जा, नाहीतर राउटरला 2.4 वरच चॅनल 1, 6, 11 पैकी मोकळा असेल तो दे. प्लेअर म्हणून रास्पबेरी पाय (छोटा एका बोर्डाचा कॉम्प्युटर) वापरत असशील तर वायफायचं पॉवर सेव्हिंग बंद कर, हे खूप जण विसरतात. एकावेळी एकच गोष्ट बदल हां, नाहीतर नेमकं कशाने सुटलं ते कळणारच नाही. पिंगचे आकडे इथे टाक, बघतो मी.