माल अजून वरच आहे

चि. बाळा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. वडील म्हणतात, देव बघून घेईल. तू म्हणतेस, द्राक्षाचा विमा उतरवू. आणि त्यावरून घरात चार दिवस अबोला. त्यात त्या इंग्रजी 'प्रॉव्हिडन्स' शब्दानं तुझा घोळ वाढवला. डिक्शनरीत एक अर्थ ईश्वराची कृपादृष्टी, दुसरा पुढची तजवीज. दोन उलट गोष्टी एका शब्दात कशा, असं विचारतेस. उलट आहेत असं कुणी सांगितलं तुला?

लॅटिनमध्ये 'प्रो' म्हणजे पुढे, 'व्हिदेरे' म्हणजे पाहणं. तुझा व्हिडिओही त्याच घरातला. इथे नाशिकला शरणपूर रोडला माझे एक ख्रिस्ती स्नेही होते, ते अब्राहामाची गोष्ट सांगायचे. मुलाचा बळी द्यायला निघालेल्या बापाला ऐनवेळी झुडपात अडकलेला एडका दिसतो, आणि तो त्या जागेचं नाव ठेवतो 'याव्हे-यिरे'. हिब्रूत त्यातलं क्रियापद पाहण्याचं. इंग्रजीत त्याचं 'पुरवेल' झालं. आणि आपण काय म्हणतो? देव बघून घेईल. म्हणजे तुझे वडील चुकीचं बोलत नाहीत, अर्धं बोलतात. बघितलं की उचलायचं असतं.

मला हे पुरानं शिकवलं. सप्टेंबर २००८. पितृपक्ष चालू, भांडीबाजाराच्या कडेच्या माझ्या पूजासाहित्याच्या दुकानात नवरात्राचा माल नुकताच भरलेला: कुंकवाची पोती, कापूर, वाती, पोथ्या. सकाळी घाटावर गेलो तर गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कंबरेपर्यंत पाणी लागलेलं. आपल्याकडे पूर फुटात कोण मोजतो? मारुतीच्या गुडघ्याला, कंबरेला, गळ्याला. नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला लागलं की मग विचारूच नका. म्हणजे ज्याला हात जोडायचे तोच आपली मोजपट्टी. तो नदीत उभा राहून सांगत होता, आणि मी हात जोडले, चहा घेतला, दुकान उघडलं. तुझी काकू म्हणाली, निदान कुंकू तरी माळ्यावर टाका. मी म्हणालो, देव बघून घेईल.

दुपारी पाणी शटरखालून आत आलं. दोन दिवसांनी गेलो तेव्हा भिंती कंबरेपर्यंत लाल, गाळ लाल, आणि सगळीकडे कापराचा वास. पोथ्यांचा लगदा फावड्यानं काढला. काकू एक शब्दही बोलली नाही. ते अजून बोचतं.

आता मी काही आळशी नव्हतो. गल्लीत कुणीच माल हलवला नव्हता, गिऱ्हाईक चालू होतं, हमाल मिळत नव्हता... जाऊ दे. अठरा वर्षं हेच सांगत आलोय. दिसत होतं. बघितलं की उचलायचं, ते केलं नाही.

तेव्हापासून आषाढ लागला की माझा माल माळ्यावर. शेजारी हसायचे, काका घाबरले म्हणायचे. २०१६ ला श्रावणाच्या तोंडावर पुन्हा पाणी आलं. माझं फक्त काउंटर भिजलं. लोक म्हणाले, मारुती पावला. पावलाच. २००८ लाही पावला होता, मीच उठलो नाही.

गीतेच्या नवव्या अध्यायातलं 'योगक्षेमं वहाम्यहम्' वडिलांना पाठ असणार. योग म्हणजे नसलेलं मिळणं, क्षेम म्हणजे मिळालेलं टिकणं. आयुर्विमा महामंडळ १९५६ सालचं. त्याच्या बोधचिन्हात दोन तळहातांच्या आडोशाला ज्योत आणि खाली हेच शब्द. पण हे वडिलांना ऐकवू नकोस. श्लोकानं बाप हरत नसतो, आणि त्याला हरवायचं तरी कशाला?

त्यापेक्षा त्यांना बोर्डोच्या फवाऱ्याचं विचार. छाटणीनंतर आभाळ भरून आलं की ते पावसाआधी फवारतात, की पानावर डाऊनीची बुरशी दिसल्यावर? मोरचूद आणि चुना कालवून झाल्यावर त्यात लोखंडी पातं बुडवतात ना? पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, अजून घाल. ते पातं बुडवताना त्यांना देवावरचा भरवसा उडाल्यासारखं वाटतं का? नाही ना. तो माणूस तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त पुढचं बघतो. फक्त गारांवर बोर्डो चालत नाही, म्हणून विमा. गारा पडायच्या त्या पडतील, घड फुटायचे ते फुटतील. पुढच्या छाटणीला हातात पैसे राहतील, इतकंच. हे इतकंच त्यांना शांतपणे सांग.

आणि तू! मुदत जवळ येतेय आणि तू चार दिवस शब्दाचे अर्थ उलटसुलट करत बसलीस. बघितलंस ना? मग उचल. फळपीक विम्याचा अर्ज, सातबारा, बँकेचं पासबुक, जे लागेल ते.

माझा माल अजून वरच आहे. घटस्थापनेआधी उतरवायचा आहे, आणि गुडघे आता शिडी चढू देत नाहीत. रविवारी ये, अर्जाची पावती घेऊन ये. वडिलांनाही आण. कुंकवाचं पोतं एकट्याला पेलत नाही.

तुझा,
काका